श्रीनगरचे ट्युलिप बघायला जाताय? मग शाळेचं नाही, फुलांचं कॅलेंडर बघून बुकिंग करा

आधीच सांगते, पाच रात्री सहा दिवसवालं काश्मीर, ज्यात गुलमर्ग पहलगाम सोनमर्ग सगळं कोंबलेलं असतं आणि श्रीनगर म्हणजे फक्त विमानतळ आणि अर्ध्या तासाचा शिकारा, ती ट्रिप आम्ही एकदा केलीये आणि इथे तिच्याबद्दल काही मिळणार नाही. ज्यांना वसंतात दल लेकच्या काठाला चार दिवस तळ ठोकून फुलं बघायचीत त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी दुसऱ्यांदा गेले ती आईला घेऊन, तिचे गुडघे धरून प्लॅन केला होता, त्यामुळे ज्येष्ठ नागरिकवाल्यांनाही उपयोग होईल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारखा. ट्युलिप गार्डन वर्षातून जेमतेम महिनाभर उघडं असतं. उघडायची तारीख दरवर्षी थंडी कशी गेली त्यावर सरकते, २०२३ ला १९ मार्च, २०२४ ला २३ मार्च, २०२५ ला २६ मार्च. आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास खेळ खल्लास. आता आपल्याकडे मुलांच्या परीक्षा संपतात कधी, एप्रिल अर्धा अधिक उलटल्यावर! आमच्या पहिल्या ट्रिपला हेच झालं, पॅकेजवाला म्हणाला मॅडम थोडे तरी ट्युलिप असतीलच, आणि २४ एप्रिलला आम्ही गेटवर जाऊन बघतो तर कुलूप. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, चार दिन पहले बंद हुआ. म्हणजे त्याला माहीत होतं, पॅकेजवाल्यालाही माहीत असणार, फक्त आम्हाला नव्हतं.

कंद लावतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि लवकर फुलणारे, मधले आणि उशिराचे असे वेगवेगळे लावतात म्हणून बाग महिनाभर टिकते, नाहीतर एकेक वाफा पंधरा-वीस दिवसांच्या वर दम धरत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी गेलात तर अर्ध्या बागेत नुसत्या हिरव्या कळ्या, शेवटी गेलात तर अर्ध्या बागेत बोडके दांडे. मार्चअखेर ऊन कडक पडलं तर सगळं लवकर उरकतं, पाऊस आला तर पाकळ्या खाली. माझ्या मते १ ते १० एप्रिल हा सगळ्यात सेफ आठवडा-दीड आठवडा. शाळेचं पोर असेल तर गुढीपाडवा नाहीतर गुड फ्रायडेला जोडून दोन-चार दांड्या मारायची तयारी ठेवा. (पाडव्यालाच काश्मिरी पंडितांचं नवीन वर्ष असतं, नवरेह म्हणतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं.)

ट्युलिप हुकलेच तर रडू नका. मार्चच्या मध्यापासून बदाम फुलतो, पानं यायच्या आधीच सगळं झाड पांढरं-गुलाबी. मार्च संपता संपता जर्दाळू आणि पीच, एप्रिलमध्ये शहराबाहेर मोहरीची पिवळी शेतं, मग सफरचंदाचा बहर. एप्रिलअखेर जांभळे आयरिस, हे जुन्या कबरस्तानांत रानासारखे उगवलेले दिसतात, आणि लायलॅक. मे मध्ये गुलाब. पण कमळं बघायला वसंतात जाऊ नका, ती जुलै-ऑगस्टला. केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आणि लाल चिनार तर पानगळीचा, एप्रिलमध्ये चिनारला कोवळी पोपटी पानं फुटत असतात. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू ड्रायव्हरला रोज विचारायच्या लाल झाड कुठंय म्हणून.

आता प्रत्यक्ष बाग. आधी हिचं नाव सिराज बाग होतं, २००७ मध्ये ट्युलिप गार्डन म्हणून लोकांसाठी उघडली, जवळजवळ ३० हेक्टर, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते. अलीकडे १७ लाखांच्या आसपास कंद लावतात. सगळे सांगतात सकाळी उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते. गर्दी नसते हे खरं, पण झबरवान पूर्वेला आहे, त्यामुळे बागेवर ऊन उशिरा येतं, आणि ट्युलिप थंडीत मिटून बसतो. आम्ही सकाळी लवकर पोचलो तर सगळी फुलं मुठी आवळल्यासारखी. आई म्हणाली, अगं ही कळीच आहे सगळी. मग वाफ्याच्या कडेला बसून राहिलो, ऊन डोंगरावरून खाली उतरत एकेका रांगेवर यायला लागलं आणि समोरचा एक लाल ट्युलिप हळूहळू, म्हणजे बघताना कळत नाही पण दुसरीकडे बघून परत बघितलं की कळतं असा, उघडत गेला. आतमध्ये तळाला काळा डाग आणि त्याला पिवळी कडा. अर्ध्या तासात तो पार वाटीसारखा झाला. तर टाइम काढायचा तो दहा ते बारा, आणि रविवार सोडून, कारण रविवारी अख्खं श्रीनगर सहकुटुंब येतं.

तिकीट ऑनलाइन मिळतं, खिडकीवरही मिळतं, सुट्टीच्या दिवशी ऑनलाइनच काढा. वाफ्यांना दोऱ्या लावलेल्या असतात, फोटोसाठी आत पाय टाकलात की शिट्टी वाजते, आणि वाजलीच पाहिजे. चढ हळू असला तरी चढ आहे, त्यामुळे आधी सरळ वरच्या टप्प्यापर्यंत जाऊन मागे वळून बघा, सगळे पट्टे एकदम दिसतात आणि पलीकडे लेक. मग उतरत उतरत डॅफोडिल, हायसिंथ बघत या. हायसिंथजवळ नाक न्या, ट्युलिपला वास जवळजवळ नसतोच, जो घमघमाट येतोय तो हिचा.

तिथूनच पुढे चश्मेशाही आणि त्याच्याही वर परी महल, हे त्याच दिवशी उरकायचं. चश्मेशाही छोटी बाग, १६३२ ची, खरा मान तिथल्या झऱ्याच्या पाण्याला, बाटली भरून घ्या. परी महल शाहजहानच्या मुलाशी, दारा शिकोहशी जोडलेला, तिथून अख्खा दल लेक ताटासारखा समोर. हे तीन झाले की त्या दिवशी बास, हॉटेलवर जाऊन झोपा.

निशात आणि शालिमार मात्र सकाळी बघू नका, ही चूक जवळजवळ सगळी पॅकेजेस करतात. या बागा लेकच्या पूर्व काठाला आहेत, तोंड पश्चिमेला. म्हणजे दुपारनंतर ऊन थेट अंगावर येतं आणि सूर्य लेकच्या पलीकडे बुडतो, एप्रिलमध्ये सात वाजेपर्यंत उजेड असतो. शालिमार जहांगीरची, १६१९ ची, आधी ती करा, मग साडेचारच्या सुमाराला परत निशातला या. निशात नूरजहानच्या भावाने, आसफ खानाने १६३३ मध्ये केलेली, बारा टप्पे, मधून पाण्याचा पाट. वरपर्यंत न चढता चौथ्या-पाचव्या टप्प्यावर बसलात तरी चालतंय. मला विचाराल तर दोन्हींत निशातच, शालिमारला नाव मोठं पण लेक दिसत नाही.

बदामवारीला, म्हणजे बदामाच्या बागेत, मार्चमध्ये गेलात तरच अर्थ आहे, हरी पर्बत किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, जुन्या शहरात. लोक चादरी अंथरून, समोवार म्हणजे चहाची मोठी किटली घेऊन बसतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गेलात तर नुसती हिरवी झाडं, पण मग तिथून हजरतबल दर्ग्याला जा आणि बाहेर परातीएवढे पराठे तळत असतात ते हलव्याबरोबर खा. एकट्याने संपत नाही, ट्राय करू नका.

आणि आता पहाटेचा भाजी बाजार, ज्यासाठी लेकवर राहायचं. हा बाजार टुरिस्टसाठी मांडलेला नाही, होलसेल आहे, उजाडायच्या सुमाराला सुरू होतो आणि तासा-दीड तासात पांगतो, त्यामुळे आदल्या रात्री शिकाऱ्यावाल्याशी वेळ आणि पैसे दोन्ही ठरवून ठेवा आणि पाच वाजता खरोखर उठा. आम्ही निघालो तेव्हा अंधारच होता, शिकाऱ्यावाल्या चाचांनी आईच्या पायावर जाड रजई टाकली, त्यांचं वल्हं पानाच्या, म्हणजे हृदयाच्या आकाराचं असतं, त्याचा चुबुक चुबुक आवाज सोडला तर काही नाही. अर्ध्या तासाने एका वळणावर एकदम पन्नासेक होड्या, माणसं उकिडवी बसलेली, अंगात फिरन म्हणजे लांब ढगळ लोकरी झगा, पुढ्यात पालकासारख्या हाकच्या जुड्या, मुळे, नदरू म्हणजे कमळाचे देठ. एका होडीतून दुसऱ्या होडीत जुड्या फेकतायत, भाव ओरडून चाललाय, मध्येच एकाने दुसऱ्याला सिगरेट पेटवून दिली आणि तेवढ्यात दोन्ही होड्या लांब गेल्या. ही भाजी लेकवरच्याच तरंगत्या शेतांतली, पाणवनस्पती आणि चिखलाच्या गादीवर पिकवलेली. फोटो काढा पण त्यांच्या सौद्याच्या मध्ये शिकारा घालू नका. फुलवाले, कहवावाले (कहवा म्हणजे तिथला मसाल्याचा चहा) मात्र तुमच्याकडे स्वतःहून येतात. कहवा घ्या. फुलांच्या बिया घेऊ नका, मी दोनशे रुपयांच्या घेतल्या, डोंबिवलीच्या बाल्कनीत एकही उगवली नाही.

शिकाऱ्याचे सरकारी दर घाटांवर बोर्डावर लिहिलेले असतात, आधी ते वाचा, मग घासाघीस.

राहण्याचं म्हणाल तर मी दोन रात्री हाउसबोट आणि दोन रात्री काठावरचं हॉटेल असं केलं. हाउसबोटीत देवदाराची कोरीव छतं वगैरे फार देखणं, पण प्रत्येक वेळी रस्त्यावर यायला शिकारा लागतो, आणि गुडघेवाल्यांना होडीत चढ-उतार म्हणजे शिक्षा. शांतता हवी असेल तर नगीन लेकची हाउसबोट बघा, दलच्या काठचा मोठा रस्ता म्हणजे बुलेव्हार्ड, त्याच्या समोरच्या बाजूला रात्रीपर्यंत हॉर्न ऐकू येतात. बुक करताना एकच प्रश्न विचारा, बेडवर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का. एप्रिलमध्ये दिवसा १८-२० डिग्री असतं, पण रात्री सात-आठवर येतं आणि पाण्यावर ते जास्तच बोचतं. एक जाड जॅकेट, थर्मल, छत्री. छत्री विसरू नका, वसंतात तिथे पाऊस कधीही येतो, म्हणूनच बागेसाठी एक दिवस जास्तीचा हातात ठेवा आणि ट्युलिप पहिल्याच चांगल्या दिवशी उरकून घ्या, शेवटच्या दिवसावर टाकू नका.

प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, आपलं महाराष्ट्राचं प्रीपेड विमानातून उतरलं की मेलं. पोस्टपेड चालतं. घरातल्या एकाचं तरी निघायच्या आठवडाभर आधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर तिथे आधार दाखवून लोकल सिम.

फिरायला बुलेव्हार्डवरून लाल इलेक्ट्रिक बस जातात, स्वस्त आणि स्वच्छ. रिक्षा मीटरने जात नाही, आधी ठरवा. खाण्यात नॉनव्हेजवाल्यांनी वाझवानमधला, म्हणजे काश्मिरी मटणाच्या मेजवानीतला, रिस्ता, गुश्ताबा, तबक माझ खावाच. व्हेजवाल्यांची आबाळ होते असं म्हणतात ते निम्मं खोटं आहे, नदरू यखनी, म्हणजे कमळदेठ दह्याच्या पातळ रश्शात, आणि हाक-भात, हे आईने दोन वेळा मागून खाल्लं. फक्त हॉटेलवाल्याला सांगावं लागतं, नाहीतर तो पनीर बटर मसालाच आणून ठेवतो. डलगेट-सोनवार बाजूला साधे व्हेज ढाबे आहेत.

एप्रिल २०२५ ला पहलगामला पर्यटकांवर जो दहशतवादी हल्ला झाला त्यानंतर बरेच स्पॉट बंद केले होते, मग टप्प्याटप्प्याने उघडले. जावं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, पण जाणार असाल तर निघायच्या आदल्या आठवड्यात काय उघडं आहे हे हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, रस्त्यावर तपासणी झाली तर आधार कार्ड हाताशी ठेवा.

जाण्यासाठी मुंबईहून विमान सोपं, खिडकी उजवीकडची घ्या, बर्फाचे डोंगर त्या बाजूला. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झालीये, तीन तासांत पोचवते आणि चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो, पण बराच रस्ता बोगद्यांतून आहे. येताना विमान असेल तर तीन तास आधी पोचा. चेकिंग विमानतळाच्या बरंच आधी, रस्त्यावरच सुरू होतं, सगळ्या बॅगा गाडीतून उतरवून परत चढवायच्या, त्यामुळे सामान कमीच न्या. हवाई दलाचा तळ आहे, फोटो नको.

आणि कोणी ट्युलिपचे कंद विकत घेऊन आलाच असाल तर ते थेट कुंडीत लावू नका. त्यांना तीन-चार महिने थंडी लागते, तर कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, सफरचंदांपासून लांब, पिकणाऱ्या फळांच्या गॅसने आतला कोंब जळतो. आणि काढायचे डिसेंबरअखेर, म्हणजे आपल्याकडची त्यातल्या त्यात थंडी तरी मिळते. आमच्याकडे पाचातला एक फुलला, वीतभर दांड्यावर, चार दिवस. दुसऱ्या वर्षी तो कंद फेकून दिला, आपल्या हवेत परत फुलत नाही.