हंगामाआधी ट्रॉलीच्या टायरचं काय बघायचं

पंढरपूर रोडला माझं टायरचं दुकान आहे. साखर कारखान्यांची धुराडी पेटली की ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले दारात येतात. ट्रॅक्टर चकाचक असतो, ऑइल नवं, पुढं झेंडूची माळ. मागची ट्रॉली मात्र पावसाळाभर बांधावर चिखलात उभी. भार तिच्यावर पडणार असतो, म्हणून आधी तिच्याकडं बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवा पहाटे तपासा, ट्रॉली जागची हलवायच्या आधी. आपली थंडी फसवी असते. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, पहाटे कानटोपी लागते आणि दुपारी शर्ट घामानं भिजतो. ८० पॉइंट (म्हणजे पीएसआय) हवेच्या टायरात दर दहा अंशांमागं साधारण तीन पॉइंटचा फरक पडतो. त्यात भरल्या ट्रॉलीचा टायर पळून पळून स्वतः तापतो, तो फरक वेगळा. दुपारी कारखान्याच्या वाटेवर थांबून गेज लावलं की काटा जास्त दाखवणारच. तो बघून काही जण हवा सोडतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर बसलेला दिसतो. कमी हवेचा टायर भाराखाली प्रत्येक फेऱ्याला बाजूनं दुमडतो, आतून तापतो, आतल्या दोऱ्यांचे थर सुटतात आणि भर रस्त्यात फुटतो. तेव्हा गरम टायरची हवा सोडायची नाही, हे ड्रायव्हरला बजावून सांगा.

किती हवा मारायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. जास्तीत जास्त किती वजन आणि त्याला किती हवा, दोन्ही. शेजाऱ्याच्या ट्रॉलीचा आकडा आपल्याला लावू नका, ९.००-१६ या एकाच मापातसुद्धा प्लाय, म्हणजे टायरची ताकद, वेगवेगळा येतो.

एका बाजूला दोन-दोन जोड टायर असतील तर दोन्हींची हवा सारखी हवी. एक बसला की सगळा भार दुसऱ्यावर जातो, आणि वरून बघून कळत नाही, कारण चांगला टायर बसलेल्याला उचलून धरतो. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना दोन टायरांच्या फटीत अडकलेले दगड पहारीनं काढा. नवा टायर आणि झिजलेला टायर एका बाजूला जोडीनं घालू नका, मोठा टायरच भार खातो.

मग नक्षी. दुचाकी-तीनचाकी सोडून बाकी गाड्यांना नक्षीची खोली किमान १.६ मिलीमीटर लागते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण ट्रॉलीचा टायर नक्षी संपायच्या आधीच म्हातारा होतो. बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ असेल तर टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. बोटानं दाबून बारीक चिरा उघडतायत का बघा. फुगा आला असेल तर तिथं पंक्चरवाल्याचं काम नाही, टायर काढायचा.

नव्या टायरात जुनी ट्यूब घालून पैसे वाचवणारे रोज भेटतात. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, आत घडी पडते आणि घडीवरच कापते. ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी, म्हणजे फ्लॅपसुद्धा नवाच घ्या. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला टायर, ट्रॉलीला चालतो, आतला सांगाडा चांगला असेल तर. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला मात्र मी रिमोल्ड बसवून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

पाणी दिलेल्या काळ्या रानातून ट्रॉली निघेना म्हणून काही जण ट्रॉलीला खोल नक्षीचे टायर मागतात. ओढायचं काम ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचं आहे. त्यांच्या टायरांत पाणी भरून घ्या, वजन वाढून पकड तिथं वाढते. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईडसारखा क्षार घालतात, आपल्याला साधं पाणी पुरतं. मोबाईलवर बर्फातले कॅरॅव्हॅन बघून एका पोरानं ‘विंटर टायर’ विचारला होता. डोंगराच्या चित्रात बर्फाची चांदणी असते, तो टायर. त्याचं रबर सात अंशांखालच्या थंडीसाठी मऊ केलेलं असतं. सोलापूरच्या डांबरावर ते हंगाम काढणार नाही.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरनं बाजूला थांबा आणि प्रत्येक टायरला, मग चाकाच्या मधल्या हबला तळहात लावा. एकच टायर जास्त गरम लागला तर हवा कमी आहे. हब चटका देत असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक घासतोय. थांबताना पूर्ण रस्त्याच्या खाली उतरा, चाकांना दगड लावा. हंगामाच्या सुरुवातीलाच कार्तिकी येते, पंढरपूरच्या वाटेला वारकरी अंधारात चालत असतात. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर आणि लाल दिवा नसेल तर आधी तो बसवून या, टायरचं नंतर बघू. आणि स्टेपनी घरी ठेवू नका, ट्रॉलीलाच बांधा. जॅक भरल्या ट्रॉलीचं वजन उचलणारा हवा, जीपचा नाही.