अमावस्या-पौर्णिमेची ऋतुवही

ऋतू सरकतो तो रोज पाहून कळत नाही, डोळा सरावतो. अमावस्या आणि पौर्णिमा, एवढ्या दोनच पहाटा धरा. बसायची जागा मात्र एकच: गच्ची, माळ किंवा शेताचा बांध, पूर्व मोकळी असलेला.

सूर्य कोणत्या झाडाआडून किंवा टेकडीआडून वर आला, ते वहीत रेखाटा. बिंब लाल असेतोवरच पाहा. तेज चढलं की नजर काढून घ्या आणि अर्घ्य द्या. मराठवाड्यात उगवतीची जागा जून ते डिसेंबर सुमारे ५० अंश दक्षिणेकडे सरकते. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे पाच मुठी. मार्च आणि सप्टेंबरात एका पंधरवड्यात अर्ध्या मुठीहून जास्त फरक दिसतो. डिसेंबरअखेर, ‘वेळ अमावस्ये’च्या (मार्गशीर्ष अमावस्येच्या) आसपास, जवळजवळ काहीच नाही. नोंद चुकली असं समजून तेव्हा जागा बदलली, की मागची सगळी रेखाटनं वाया जातात.

अर्घ्याचं पाणी एकाच कडुनिंबाच्या बुडाशी घाला आणि त्याचीही एक ओळ लिहा: पिवळी पानगळ, तांबूस पालवी, मोहोर, निंबोळी. ‘झाड सुंदर दिसलं’ अशी ओळ पुढच्या वर्षी ताडून पाहता येत नाही.

तिथीसोबत इंग्रजी तारीखही लिहा. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यात अधिक मास. नुसत्या तिथीवर गेलात तर पाडव्याला कडुनिंबाचा मोहोर यंदा लवकर आला की पाडवाच उशिरा, हे ठरवता येणार नाही.