कुत्रा छाप: खरा कोणता, जोडून आणलेला कोणता

एचएमव्हीचा (‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजे ‘धन्याचा आवाज’ या रेकॉर्ड छापाचा) कुत्रा असलेली जुनी वस्तू हातात आली की कुत्र्याकडे शेवटी बघा. आधी त्याच्या समोरचं यंत्र बघा. कुत्रा कुणीही बऱ्यापैकी काढतो. नक्कल करणारा अडकतो तो यंत्रापाशी.

त्याचं कारण मूळ चित्रातच आहे. निपर हा टेरिअर १८८४ साली इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जन्मला आणि १८९५ साली मेला. चित्र काढलं फ्रान्सिस बॅरॉडने, कुत्रा गेल्यानंतर. त्याच्या भावाचा, मार्कचा हा कुत्रा; मार्क १८८७ मध्ये वारला आणि कुत्रा भावांकडे आला. ११ फेब्रुवारी १८९९ रोजी बॅरॉडने चित्राची कॉपीराइट नोंदणी केली तेव्हा कुत्र्यासमोर होता मेणाच्या नळकांड्यांवर चालणारा फोनोग्राफ, काळ्या कर्ण्याचा. त्या फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता यायचा, म्हणून चित्राच्या ‘धन्याचा आवाज’ या नावाला अर्थ होता. चित्र उजळ दिसावं म्हणून पितळी कर्णा उसना मागायला बॅरॉड त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या मेडन लेनमधल्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथले व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन म्हणाले, यंत्र बदलून आमचं काढा, चित्र विकत घेतो. बॅरॉडने फोनोग्राफवर रंग चढवून तबकडीचा ग्रामोफोन काढला. ५० पौंड चित्राचे आणि ५० पौंड हक्कांचे मिळाले. गंमत अशी की ग्रामोफोनवर घरी आवाज भरता येत नव्हता, म्हणजे नाव राहिलं आणि त्यातला अर्थ गेला. तिरक्या उजेडात मूळ कॅनव्हासवर रंगाखालचा फोनोग्राफ अजून जाणवतो.

पुढे कंपनीसाठी बॅरॉडने स्वतः या चित्राच्या २४ प्रती रंगवल्या. त्यामुळे ‘हाताने रंगवलेलं मूळ चित्र’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि पुढच्या दुकानाकडे वळा. टेबलाचा चकचकीत पृष्ठभाग म्हणजे धन्याची शवपेटी, ही कथाही विक्रेते रंगवून सांगतात. तिला आधार नाही. कथेचे पैसे मोजू नका.

चित्रातलं यंत्र नीट लक्षात ठेवा: छोटी लाकडी पेटी, बाजूला चावी, आणि साधा, सरळ निमुळता पितळी कर्णा. या कर्ण्याला पाकळ्या नाहीत. कर्ण्याचं बारीक टोक जवळजवळ थेट साउंडबॉक्सलाच, म्हणजे सुई धरणाऱ्या आणि आवाज काढणाऱ्या डबीलाच, जोडलेलं आहे, मध्ये वळणारी धातूची नळी नाही. कुत्रा डावीकडे, यंत्र उजवीकडे. बिल्ल्यावरचा कुत्रा फुलासारख्या पाकळ्यांच्या कर्ण्यात डोकावत असेल, तर तो बिल्ला कंपनीचा नाही.

आता तबकड्या. ‘१९०२ ची कुत्रा छाप रेकॉर्ड’ असं म्हणून कुणी दाखवली तर लेबल बघा. त्या काळी कंपनीच्या लेबलवर कुत्रा नव्हता, लिहिणारा देवदूत होता. १९०० च्या अखेरीपासून १९०७ पर्यंत कंपनीच्या नावात ‘टाइपरायटर’ हा शब्दही होता, कारण ती टाइपरायटर विकत असे. ब्रिटनमध्ये लेबलवर कुत्रा आला १९०९ साली. कोलकात्यात गायिका गौहरजानची पहिली ध्वनिमुद्रणं १९०२ ची. त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या आणि लेबलवर तसं लिहिलेलं असायचं. कोलकात्याचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला. एका बाजूला गाणं आणि दुसरी बाजू कोरी असेल तर तबकडी बहुधा त्याच्या आसपासची किंवा आधीची. इलेक्ट्रिक ध्वनिमुद्रण ओळखायची खूण लेबलच्या भोवती, खोदलेल्या क्रमांकाशेजारी असते: छोटा त्रिकोण असेल तर १९२५ नंतरची, छोटा चौकोन असेल तर १९३१ नंतरची. भिंग आणि तिरका उजेड लागतो. घाईत हीच खूण नजरेतून सुटते, आणि किमतीतला फरक बऱ्याचदा तिच्यावरच असतो.

सगळ्यात जास्त फसगत होते कर्ण्याच्या ग्रामोफोनमध्ये. मुंबईचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, चकचकीत पितळी कर्ण्याची ‘अँटिक’ मशीन दिसतात, त्यातली बरीचशी नवी जुळवणी असते. कुठल्यातरी जुन्या पेटीतल्या, म्हणजे सुटकेससारख्या ग्रामोफोनचं मोटर काढायचं, नव्या चौकोनी किंवा अष्टकोनी खोक्यात बसवायचं आणि वर कर्णा ठोकायचा. एचएमव्हीच्या १०२ नंबरच्या पेटीला बाहेरचा कर्णा कधीच नव्हता. तिचा कर्णा पेटीच्या आतच असतो. जुळवणी अशी ओळखा:

समोर ठसठशीत पितळी पट्टी खिळ्यांनी किंवा रिव्हेटने ठोकलेली असेल तर संशय घ्या. खऱ्या मशीनवर लाकडावर सोनेरी छाप किंवा छोटा बिल्ला असतो. जुळवणीचा कर्णा पातळ पत्र्याचा असतो, बोटाने दाबला तर दबतो, आणि यंत्राला जोडणारी नळी टोकदार काटकोनात वळते. खऱ्या मशीनची नळी हळूहळू रुंद होत जाते आणि तिला मागून ओतीव लोखंडी कंस धरतो. फिरती थाळी लहान आणि लाल मखमलीची असेल तर तेही बरं लक्षण नाही. शेवटी साउंडबॉक्स बघा. १९१० च्या सुमाराचा म्हणून विकायला ठेवलेल्या मशीनमध्ये अभ्रकाचा पडदा हवा. अ‍ॅल्युमिनियमचा पडदा दिसला तर साउंडबॉक्स नंतरचा आहे.

मशीन खरं निघालं तर चावी देऊन ऐका. तबकडीखाली कागदाची बारीक पट्टी अशी ठेवा की टोक बाहेर येईल, आणि अर्ध्या मिनिटात ते किती वेळा समोरून जातं ते मोजा. ३९ आले तर वेग बरोबर, मिनिटाला ७८ फेऱ्यांचा. मध्येच ‘ठक्’ असा धक्का बसत असेल तर स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस सुकून घट्ट झालंय. डबा उघडून साफ करून ग्राफाइट मिसळलेलं ग्रीस भरावं लागतं. स्वतः उघडू नका, ताणलेली स्प्रिंग हात फाडते. किणकिणाट गव्हर्नरच्या, म्हणजे वेग सारखा ठेवणाऱ्या भागाच्या, सुक्या पॅडचा असतो, तिथे तेलाचा एक थेंब पुरतो. आवाज फाटत असेल तर साउंडबॉक्समधलं रबर कडक झालेलं असतं. ते बदलल्याशिवाय तबकडी वाजवू नका.

पोलादी सुई एका बाजूपुरतीच वापरा. बोथट सुईने लाखेची तबकडी खरवडली जाते आणि लेबलच्या बाहेर करड्या वर्तुळांचा पट्टा उमटतो. एलपी, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकड्या, या मशीनवर कधीच नकोत. तबकडी धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा एक थेंब घ्या, लेबल कोरडं ठेवा. स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. बाजारात पॉलिशवाले नेमकं तेच करतात आणि वर सांगतात ‘चमक बघा’.

एनॅमलच्या पाट्यांची पारख नखाने होते. खऱ्या पाटीवर रंगांचे थर एकावर एक भाजलेले असतात, कडेला पायरी बोटाला लागते. जिथे टवका उडालाय तिथे काचेसारखा तुटलेला काठ आणि खाली काळा पत्रा दिसतो, आणि बहुतेक टवके स्क्रूच्या भोकांभोवतीच असतात, कारण घट्ट आवळताना काच तडकते. नवी पाटी म्हणजे गुळगुळीत छापील पत्रा, ज्यावर अ‍ॅसिडने गंज सगळीकडे सारखा आणलेला असतो. गंज सगळीकडे सारखा कधी येत नाही. कागदी चित्रांसाठी १० पट भिंग पुरतं: ठिपके चार रंगांच्या नेमक्या नक्षीत दिसले तर छपाई ऑफसेटची, म्हणजे अलीकडची.

कोणत्या नावासोबत कुत्रा आहे, तेही बघा. अमेरिकेत हे चिन्ह व्हिक्टर कंपनीकडे होतं आणि १९२९ नंतर आरसीएकडे गेलं, जपानमध्ये जेव्हीसीकडे, ब्रिटन आणि हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीकडे, १९३१ पासून ईएमआयकडे. म्हणून ‘आरसीए व्हिक्टर’ लिहिलेला कुत्रा इथल्या जुन्या घरातला म्हणून विकत असतील तर तो परदेशातून आलाय किंवा हल्ली छापलाय.

हा कुत्रा मग, टी-शर्ट किंवा कॅफेच्या भिंतीवर वापरायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. बॅरॉड १९२४ साली वारला, चित्राचा कॉपीराइट संपलेला आहे. पण ट्रेडमार्कचं तसं नाही. भारतात तो दर १० वर्षांनी नूतनीकरण करून हवा तितका टिकवता येतो. छापण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध करा: ध्वनिमुद्रणासाठी वर्ग ९, छापील कागदासाठी १६, कपांसाठी २१, कपड्यांसाठी २५, दुकानासाठी ३५. फक्त नाव टाकून थांबू नका. चित्रचिन्हासाठी वेगळी संकेतांक-यादी असते, तिच्यातून कुत्रा शोधा. नावाच्या शोधात न दिसलेली नोंदणी तिथे सापडते.