फीड आवरला आणि शिकणं सुरू झालं

डेटा ॲनालिसिस शिकताना एक्स आणि लिंक्डइनवर दिसेल त्या तज्ज्ञाला मी फॉलो करत सुटले होते. रोज तासभर स्क्रोल, शेकडो पोस्ट सेव्ह, आणि हाती काहीच नाही. सेव्ह केलेलं पुन्हा उघडून कोण बघतं?

मग एक्सवर एक खासगी लिस्ट केली. त्यात फक्त 15 जण. खासगी लिस्टमध्ये घेतलेलं समोरच्याला कळत नाही, त्यामुळे संकोचही नाही. निवडताना फॉलोअर्स पाहिले नाहीत. माणूस स्वतःचं काम, कोड आणि चुका उघडपणे दाखवतो का, एवढंच पाहिलं. ‘यशाची 10 सूत्रं’ छापाचे सगळे बाहेर. आता ॲप उघडलं की थेट लिस्टवर जाते.

खरा फरक पडला तो प्रश्न नीट विचारायला लागल्यावर. आधी मी नुसतं “मार्गदर्शन करा” लिहायचे. इतक्या मोघम प्रश्नाला कुणी काय सांगणार? एकदा मात्र नेमकं लिहिलं: “रिकाम्या रकान्यांत सरासरी भरली, तर व्हेरियन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) कमी येतोय. काय चुकतंय?” सोबत आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आलेख जोडले. त्याच दिवशी उत्तर आलं: आधी ती माहिती गायब का आहे, ते शोधा. सरासरी भरली की आकडे मधोमध गोळा होतात, हे आलेखात दिसतच होतं. नोंदी पुन्हा तपासल्या, तर बहुतेक रिकामे रकाने एकाच गटातले निघाले.

आता आठवड्याला एकच पोस्ट निवडते आणि तिच्यात सांगितलेलं स्वतःच्या डेटावर करून बघते.