कोचीच्या परिषदेला निघताना : तयारीची यादी

कोचीला परिषद आहे म्हटल्यावर बहुतेक जण आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल बघतात आणि परिषदेचा हॉल नेमका कुठे आहे ते आदल्या रात्री टॅक्सीत बसल्यावर शोधतात. हा क्रम उलटा करा. ‘कोची’ या एका नावाखाली मुख्य भूमीवरचं एर्नाकुलम शहर; विलिंग्डन, बोळगाट्टी आणि वल्लारपाडम ही बेटं; खाडीपलीकडचं फोर्ट कोची-मट्टनचेरी आणि पूर्वेकडचं कक्कनाड एवढा सगळा पसारा येतो. मोठ्या परिषदा बोळगाट्टीवर भरतात, विलिंग्डनच्या हॉटेलांत भरतात आणि अंगमालीच्या ॲडलक्स केंद्रातही भरतात. अंगमाली विमानतळाच्याही उत्तरेला आहे. पत्रिकेवर ‘कोची’ वाचून कुणी हौसेने फोर्ट कोचीत खोली घेतली आणि हॉल अंगमालीला निघाला, तर एका वेळचा प्रवास ४० किलोमीटरांच्या वर जातो. सकाळी नऊचं सत्र मग विसरायचं. म्हणून आधी हॉल नकाशावर पक्का करा, मग खोली घ्या, तिकीट शेवटी.

खोली बघताना अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मध्ये किती पूल येतात ते मोजा. बोळगाट्टीला जाणारी वाहतूक गोश्री पुलांवरून जाते, आणि वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलमुळे त्या भागात ट्रेलरची वर्दळ असते. हॉल बोळगाट्टीवर असेल तर एर्नाकुलमच्या हायकोर्ट भागातली खोली सोयीची. कार्यक्रम शहरात दोन-तीन ठिकाणी विखुरलेला असेल तर मेट्रोच्या स्टेशनाजवळ राहा. अलुवा ते त्रिपुणितुरा अशी ती एकच मार्गिका आहे, पण एम. जी. रोड, एर्नाकुलम साउथ आणि वैटिला हे सगळं तिच्यावरच येतं.

तारखा ठरल्या की मल्याळी दिनदर्शिका उघडा. ओणम ऑगस्ट-सप्टेंबरात येतो, तेव्हा केरळाबाहेरचे मल्याळी घरी निघालेले असतात आणि गाड्या-विमानं दोन्ही भरतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाच्या यात्रेचा हंगाम, तेव्हाही गर्दी धरा. डिसेंबरअखेर फोर्ट कोचीत कार्निव्हल असतो, त्यात बिएनालेचं (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाचं) वर्ष असलं तर तिथल्या खोल्यांचे भाव विचारूच नका.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी: १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. नेत्रावती आणि मंगला या रोजच्या गाड्या. पुण्याहून पूर्णा एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होतं आणि ऑक्टोबरात संपतं. त्या काळात वेग कमी ठेवतात, जोराच्या पावसात तर ४० किलोमीटरवर आणतात, आणि परतीच्या काही गाड्या केरळातून नेहमीपेक्षा काही तास आधी सुटतात. चुकते ती हीच परतीची गाडी, कारण जाताना पाहिलेली वेळ डोक्यात बसलेली असते. दुसरी गफलत स्टेशनाची. एर्नाकुलम जंक्शन म्हणजे साउथ आणि एर्नाकुलम टाउन म्हणजे नॉर्थ, ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. काही गाड्या फक्त टाउनला थांबतात. तिकिटावर ईआरएस (जंक्शन) आहे की ईआरएन (टाउन), ते वाचा. हॉल अंगमालीला असेल तर एर्नाकुलमपर्यंत जाऊन परत फिरण्यापेक्षा अलुवाला उतरणं सरळ पडतं.

विमानतळ नेडुंबाश्शेरीला, शहरापासून सुमारे ३० किलोमीटरांवर. मेट्रो तिथपर्यंत जात नाही. अलुवा मेट्रो ते विमानतळ विजेवरची फीडर बस आहे. एकट्याला हलक्या सामानासह ती चांगली, चौघांना टॅक्सीच परवडते. परतीच्या दिवशी संध्याकाळचं विमान असेल तर हॉटेलातून निघण्यापासून विमानतळाच्या दारापर्यंत दोन तास धरा.

केंद्र सरकारी नोकरांनी इथे नीट लक्ष द्यावं. दौऱ्याचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचं आणि प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढायचं, असा २०२२ चा आदेश आहे. ७२ तासांच्या आत काढलं तर कारण लेखी द्यावं लागतं. परवानगीची फाइल मात्र आयोजकांचं स्वीकृतिपत्र आल्याशिवाय हलत नाही, म्हणून ते पत्र मागवण्याची मेल सगळ्यात आधी करा. खासगी कंपनीतल्यांसाठी वेगळी गोष्ट. विमान तिकिटावर कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकला तर कंपनीला भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळू शकतं. हॉटेलचा कर मात्र हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा लागतो, त्यामुळे केरळच्या बिलावरचं क्रेडिट महाराष्ट्रातल्या नोंदणीला मिळत नाही. ‘बिलावर आपला नंबर का नाही’ यावर लेखा विभागाशी भांडण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आता पोस्टर. आयोजकांच्या पत्रात उभं की आडवं ते लिहिलेलं असतं आणि तेच वाचायचं राहतं. ए-झीरो म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर. फलक उभा आणि पोस्टर आडवं असेल तर दोन्ही कडा बाहेर लोंबतात. जाड कागदाचं पोस्टर कोचीच्या दमट हवेत मऊ पडतं, कडांना वळतं आणि दुपारपर्यंत टेपमधून सुटून खाली येतं. कापडावर छापून घ्या. घडी करून हातातल्या बॅगेत मावतं, सुरकुत्या हॉटेलच्या इस्त्रीने मंद आचेवर उलट्या बाजूने जातात. कागदाचंच करायचं असेल तर नळी ९० सेंटिमीटरच्या आसपास होते, ती केबिन बॅगेच्या मापात बसत नाही, आणि चेक-इनला दिली तर चेपून येण्याची भीती. फलक कशाचा असेल सांगता येत नाही, म्हणून टाचण्या, दुहेरी टेप आणि वेल्क्रोचे आठ-दहा तुकडे असं तिन्ही ठेवा. तिथे जाऊन छापू असं ठरवलं तर मध्ये एक पूर्ण कामाचा दिवस सोडा, आणि तो रविवार नाही ना ते बघा.

भाषण दहा मिनिटांचं असेल तर आठ-दहा स्लाइड पुरे. फाइल १६:९ मध्ये ठेवा, फॉन्ट आत बसवा (देवनागरी असेल तर नक्कीच, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतात) आणि पीडीएफ वेगळी घ्या. व्हिडिओ पीडीएफमध्ये चालत नाही, तो स्वतंत्र फाइल म्हणून न्या. पेन ड्राइव्ह दोन. एक खिशात, एक बॅगेत. लॅपटॉपला एचडीएमआय नसेल तर जोडणी (ॲडॉप्टर) स्वतःची न्या, आयोजकांकडची नेमकी आपल्या वेळेला कुणीतरी घेऊन गेलेला असतो. पॉवर बँक हातातल्या सामानातच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते आणि १०० च्या मर्यादेत बसते.

कपड्यांचा हिशोब मुंबईकरांना ओळखीचा, पुणेकरांना नवा. रात्री धुतलेला शर्ट सकाळपर्यंत वाळत नाही, म्हणून दिवसाला एक सुती शर्ट आणि वर एक. पाऊस दोनदा येतो: जूनपासूनचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, हा दुसरा दुपारनंतर गडगडाटासह. चामड्याचे बूट एकदा भिजले की परिषद संपेपर्यंत ओलेच, तेव्हा दुसरा जोड हवा. हॉल मात्र गारठवणारे. बॅगेत पातळ जाकीट किंवा शाल असू द्या.

शाकाहारी असाल तर नोंदणीच्या अर्जातच तशी खूण करा. हॉटेलात पाणी फिकट गुलाबी आलं तर परत पाठवू नका, ते पथिमुखमचं लाकूड घालून उकळलेलं पाणी असतं.

हरताळाचा अंदाज आठवडाभर आधी घ्या. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सात दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली, तरी सगळे ती पाळतातच असं नाही. त्या दिवशी टॅक्सी मिळेलच असं धरू नका. हॉलपर्यंत चालत जाता येईल अशी खोली घेतली असेल तर तेव्हा तिची किंमत कळते.

एक दुपार मोकळी मिळाली तर हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रोच्या बोटीने फोर्ट कोचीला जा. २०२३ मध्ये सुरू झालेली ही सेवा वीस मिनिटांच्या आसपास पोचवते. सरकारी जलवाहतुकीची साधी बोट आणखी स्वस्त, तिला सुटे पैसे ठेवा. मोकळी दुपार शुक्रवारची असेल तर मट्टनचेरीचा राजवाडा बंद असतो. शनिवारी सिनेगॉग बंद. विलिंग्डनवर नौदलाचा तळ आहे, तिथे कॅमेरा बॅगेतच ठेवा, ड्रोन तर घरीच.

उपस्थितीचं प्रमाणपत्र समारोपाच्या आधी घ्या, नंतर रांग लागते आणि विमान वाट बघत नाही. घेतल्यावर तिथेच नावाचं स्पेलिंग तपासा. बोर्डिंग पास फोनवर असला तरी त्याची पीडीएफ जपून ठेवा. प्रवासभत्त्याच्या बिलाला तोच लागतो, आणि उड्डाणानंतर काही दिवसांनी तो ॲपमधून परत मिळेलच असं नसतं.