खाजगी शाळेत रुजू होण्याआधी विचारायचे प्रश्न

मुलाखतीला निघालेले नवे शिक्षक मला हमखास विचारतात, पगार किती मागू? पगाराचं बोलायलाच हवं, सुट्टीच्या महिन्यांचा मिळतो का हेही विचारायला हवं. पण त्याआधी मी त्यांना एक प्रश्न विचारायला लावते: ज्या जागेवर मला घेताय, तिथले आधीचे शिक्षक किती वर्षं होते आणि का गेले? मुख्याध्यापक यावर मोकळेपणाने बोलले, तर शाळा बरी समजा. विषयच बदलला, तर सावध व्हा. जमलं तर स्टाफरूममध्ये थोडा वेळ बसा. पाच वर्षांहून जुनं कुणीच नसेल, तर माणसं तिथे का थांबत नाहीत हे शोधल्याशिवाय होकार देऊ नका.

मी वर्गावर शिकवलं, पुढे नेमणुकीच्या कामातही होते. पगारामुळे सोडणारे असतातच, पण बरेचजण पहिल्या वर्षाच्या ओझ्याने खचून जातात. नव्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं टाईमटेबल येतं: कुणालाच नको असलेला वर्ग, तीन वेगळ्या इयत्ता, शिवाय रजेवर गेलेल्यांचे तास आणि स्नेहसंमेलनाची जबाबदारी. म्हणून आठवड्याला तासिका किती, एवढंच विचारून थांबू नका. वेगवेगळ्या इयत्ता आणि विषय किती, ते विचारा. एकाच इयत्तेच्या चार तुकड्या घेणं आणि चार इयत्ता घेणं यात तासिका सारख्याच दिसतात, पण घरी बसून करायची तयारी चौपट होते. हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. नोटीस किती दिवसांची, तेही.

शिक्षक सोडून जाण्याचा हा प्रश्न एखाद्या शाळेपुरता नाही. अमेरिकेत २०२१-२२ मध्ये शिकवणाऱ्या खाजगी शाळांतल्या १२ टक्के शिक्षकांनी पुढच्या वर्षापर्यंत शिक्षकी पेशाच सोडला. सरकारी शाळांत हे प्रमाण ८ टक्के होतं. नुकसान मुलांचं होतं. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या मुलांवरचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इयत्तेत शिक्षक जास्त बदलले, तिथे मुलं भाषेत आणि गणितात मागे पडली, आणि जे शिक्षक टिकून होते त्यांच्या वर्गातही हा फटका दिसला. मला हे अगदी पटतं. दरवर्षी नव्यांना सगळं पुन्हा समजावण्यात जुन्यांची शक्ती जाते.

रुजू झालात की तुमचीच इयत्ता शिकवणारा एक अनुभवी सहकारी गाठा आणि त्याच्या तासाला मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. पहिल्या सत्रात याने जेवढा आधार मिळतो, तेवढा कुठल्याच प्रशिक्षणाने मिळत नाही.

आणि सोडायचंच ठरलं, तर शक्यतो वर्ष संपल्यावर सोडा. ते जमणार नसेल, तर येणाऱ्या शिक्षकासाठी वहीत लिहून ठेवा: कुठला धडा कुठवर झाला, भागाकार कुणाला जड जातो, कोण मोठ्याने वाचायला घाबरतं.