अमेरिकी कोर्टाच्या निकालावर लिहिताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एच-४ ईएडीविरुद्धची, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या वर्क परमिटविरुद्धची, याचिका ऐकायला नकार दिला. न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला, "मामा, सुप्रीम कोर्टाने आमचं वर्क परमिट कायम केलं!" तिच्या आनंदावर विरजण घालणं जिवावर आलं, पण सांगावंच लागलं: कोर्टाने काहीच कायम केलेलं नाही.

आपल्याकडे एसएलपी, म्हणजे सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारी याचिका, दाखल करून घेण्याआधीच एका ओळीत फेटाळली जाते, तसाच हा प्रकार. नऊपैकी किमान चार न्यायमूर्तींना प्रकरण ऐकावंसं वाटलं, तरच ते सुनावणीला घेतात. नाहीतर नकार कळवतात आणि बहुतेक वेळा कारणही देत नाहीत. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाचा, या परमिटच्या बाजूने लागलेला २०२४ चा निकाल जागेवर राहिला, एवढाच याचा अर्थ. परमिट देणारा मूळ नियम २०१५ चा, सरकारने केलेला; रीतसर प्रक्रिया करून सरकार तो मागेही घेऊ शकतं. म्हणून याचिका नाकारली असेल तिथे 'शिक्कामोर्तब' लिहू नका. अशा बातमीवर विसंबून लोक घराचं कर्ज काढतात, मुलांच्या शाळा ठरवतात.

दुसरी चूक याहून घातक: कोर्टापुढे प्रश्न कोणता होता, हे न बघताच उत्तर छापणं. २७ जून २०२५ च्या 'ट्रम्प विरुद्ध कासा' निकालानंतर कितीतरी आईबापांना वाटलं की जन्माने मिळणारं नागरिकत्व कोर्टाने काढून घेतलं. एच-१बीवर असलेल्या, बाळाची वाट पाहणाऱ्या मराठी घरांतही ती धास्ती होती, कारण हे नागरिकत्व नाकारणाऱ्या राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशात तात्पुरत्या व्हिसावरच्यांची मुलंही येत होती. पण प्रश्न वेगळाच होता. एखाद्या जिल्हा न्यायाधीशाला सरकारी आदेश अख्ख्या देशात, सगळ्यांसाठी रोखता येतो का? सहा विरुद्ध तीन मतांनी कोर्ट म्हणालं, दाद मागणाऱ्यांना पुरेल एवढाच मनाई हुकूम द्या. आदेश घटनेत बसतो की नाही, याला आम्ही हात घालत नाही, हे न्यायमूर्ती बॅरेट यांनी निकालपत्रातच लिहिलं होतं. दोनच आठवड्यांत न्यू हॅम्पशरच्या जिल्हा न्यायाधीशांनी बाळांच्या वतीने केलेला सामूहिक दावा मान्य करून तोच आदेश पुन्हा रोखला. निकालपत्र उघडलं की आधी हा प्रश्न शोधा, मग मथळा लिहा.

निकालपत्राच्या सुरुवातीचा सारांश म्हणजे निकाल नव्हे. तो कोर्टाचा कर्मचारी तयार करतो आणि तशी टीप तिथेच छापलेली असते. उद्धृत करायचं ते बहुमताच्या मतातलं. गर्भपाताच्या हक्काबद्दलच्या २०२२ च्या 'डॉब्स' प्रकरणात न्यायमूर्ती थॉमस यांनी स्वतंत्र सहमतिपत्रात गर्भनिरोधन आणि समलिंगी विवाहाच्या निकालांचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं. ते एकट्याचं मत होतं, तरी 'कोर्ट म्हणालं' म्हणून ते फिरलं. मतांची मोजणीही तिथे नीट करावी लागते. गर्भपातावर निर्बंध घालणारा मिसिसिपीचा कायदा टिकला सहा विरुद्ध तीनने, पण गर्भपाताचा हक्क देणारा जुना 'रो' निकाल मोडीत काढायला पाचच न्यायमूर्ती होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स तेवढं पुढे गेले नाहीत. गर्भपातावर देशभर बंदी आली, हेही खरं नाही. प्रश्न राज्यांकडे गेला.

आणि हो, न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' म्हणजे खटला चालवणारं कोर्ट. तिथलं सर्वोच्च न्यायालय 'कोर्ट ऑफ अपील्स'.

निकालपत्राच्या शेवटी दिलेला आदेश वाचायचा राहून जातो तो बहुधा घाईमुळे. शिक्षा रद्द झाली म्हणजे आरोपी सुटला, असं धरून चालतात. हक्क न सांगता घेतलेला कबुलीजबाब चालणार नाही, हा १९६६ चा 'मिरांडा' निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. तो जिंकलेला अर्नेस्टो मिरांडा मात्र निर्दोष ठरला नाही. तो कबुलीजबाब बाजूला ठेवून १९६७ मध्ये खटला पुन्हा चालला आणि ज्युरीने त्याला पुन्हा दोषीच ठरवलं.